तुळशीतली तार

आमच्या थोरल्या जाऊबाई सकाळी उठल्या की स्वतः चूळ भरायच्या आधी रेडिओला पाणी पाजत. लग्न होऊन मी नवीनच आले होते. अंगणात तुळशीपाशी उभ्या राहून त्या तांब्या ओतत होत्या आणि तोंडाने म्हणत होत्या, "पी बापा, पी, दुपारी गळा साफ पाह्यजे." मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. वसमतला माझ्या माहेरी मी तसं कळवणारही होते.

नंतर उलगडा झाला. रेडिओची एक तार लिंबाच्या शेंड्यावर गेलेली होती आणि दुसरी तुळशीच्या मुळाशी जमिनीत पुरलेली होती. तिथली माती सुकली की रेडिओ खरखरायला लागे, म्हणून हे पाणी. पण गल्लीतल्या बायकांना एवढं कोण समजावणार! त्यांची पक्की समजूत झाली की तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईच्या माहेरचा आवाज रेडिओत येतो. मग जी ती तांब्या घेऊन हजर. "वाईच माझ्या बी भावाला बोलवा." जाऊबाई पोट धरधरून हसत. "अवं, पाणी तारेले घालाचं रायते, तुमच्या भावाले नाई!" तरी कोणाला परत पाठवत नसत. शेवटी इतकं पाणी झालं की तुळस सडली आणि नवीन लावावी लागली.

जाऊबाई वाशीमच्या. आमचं गाव हिंगोलीपासून तीन कोसांवर, सेनगावच्या अंगाला. वाशीमच्या आणि आमच्या मध्ये फक्त पैनगंगा. पण नदीच्या अलीकडे निजामाची मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी मुलूख. दुसऱ्या सुनांनी आंदणात गाय आणली, भांडी आणली. हिच्या वडिलांनी पोरगी परमुलखात चालली म्हणून रेडिओ दिला. सगळा गाव तिला 'रेडिओबाई' म्हणे. पुढे पलीकडे स्वातंत्र्य आलं आणि आम्ही अलीकडेच राहिलो. तेव्हा तर तिला चेवच चढला. "माहेर सुटलं वं धाकटे, सासर रायलं," असं मला चिडवायची. मीही चिडायची, कारण माझं वसमतचं माहेर, सासर, सगळंच मोगलाईत राहिलं होतं!

रेडिओपुढे तिचा एक कडक नियम होता. त्याला उलट बोलायचं नाही. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, फार रीतीच्या. आतल्या माणसानं 'नमस्कार' म्हटलं की पदर सावरून त्याही म्हणायच्या, "नमस्कार बापू, जेवला का?" मग जाऊबाईंचं ठरलेलं वाक्य येई, "आत्याबाई, त्याले ऐकू येत नाई जी. तो निस्ता बोलते." आत्याबाई म्हणत, "ऐकू न यिना का. कुनी बोललं तर उत्तर द्यावं मानसानं." हा वाद रोजचा होता, आणि दोघीही त्यात हार मानत नव्हत्या.

निजामाच्या त्या शेवटच्या वर्षी मात्र तिची थट्टा कमी झाली. माघात तिची आई तापानं अंथरुणाला खिळल्याचं कळलं. ही निघायची तयारी करते तोवर नदीवर नाके बसले. माणसं जाईनात, टपाल येईना, मीठसुद्धा मिळेना. आई आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. रेडिओवर लढायांच्या आणि दिल्लीच्या बातम्या यायच्या, वाशीमच्या एका म्हातारीची कोण देणार? तरी ही रोज कान लावून बसायची. आमचे सासरे, मामंजी, दारात खाकरत उभे राहायचे. "आवाज बारीक करा पोरींनो. पलीकडचं ऐकून राहिल्या म्हनून चावडीवर कळलं तर तकलीफ व्हईल."

श्रावण सरता सरता मनियारचाचा आले. नदीच्या दोन्ही काठांना बांगड्या भरणारा हा एकच माणूस. कोणत्या उतारानं यायचा ते त्याचं त्यालाच माहीत. जाऊबाईंच्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाला, "बेटी, वाशीमके बाजार में सुना मैं. तेरी अम्मा नागपूरके रेडिओपे गानेवाली. पोळेके दिन, दोपहर कू. जात्यावरके गाने."

जाऊबाईंचा हात तसाच राहिला. "चाचा, तुमी सोता पायलं का तिले?"

"देखा नहीं बेटी. झूट कायकू बोलूं?"

मग काय विचारता! तिच्या अंगात वारं शिरलं. आईच्या ओव्या साऱ्या वाशिमात नावाजलेल्या होत्या, हे खरं. नागपूरला नवा रेडिओ सुरू झाला होता, हेही खरं. पण आजारी बाई गाईल कशी? आणि गाणार असेल तर ती बरी असलीच पाहिजे! दिवसभर ती एकदा हसे, एकदा डोळे पुसे. पोळ्याला दुपारी काय ते कळणार होतं.

आणि नेमकी बॅटरी संपली. बॅटरी भरून मिळायची ती हिंगोलीला, तेलावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत. आम्ही ती वेळेवर पाठवली, पण नाकेबंदीत गिरणीला तेल मिळेना. निरोप आला तो खांदमळणीच्या संध्याकाळी की बॅटरी आता तयार आहे, घेऊन जा. इकडे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून झालेली, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देऊन झालेलं. थोरले भाऊजी भीत भीत गाडीचं बोलले. मामंजी कडाडले, "पोळ्याच्या दिशी बैलाच्या मानेवर जू? माझ्या जितेपनी न्हाई!"

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "बराबर हाय जी. बैलाले काऊन तकलीफ? जू ह्या दोघायच्या मानेवर ठेवू."

आम्हाला थट्टा वाटली. थट्टा कसली! झुंजुमुंजू होताच जाऊबाई दोघा भावांना, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला आणि माझ्या, पुढे घालून निघाल्या. येताना मधे जू, त्याची टोकं दोघांच्या खांद्यांवर, जुवाला धोतराची झोळी आणि झोळीत बॅटरी. ती कलंडली तर आतलं तेजाब सांडेल, म्हणून जाऊबाई झोळीला हात लावून बाजूनं चालत होत्या. तीन कोस काळ्या मातीचा चिखल! वेशीतून ही जोडी शिरली तेव्हा गावातले बैल झुली घालून, शिंगं रंगवून, मजेत उभे होते आणि आमचे मालक जुवाखाली घामाघूम. सारा गाव फिदीफिदी हसत सुटला. आत्याबाई बैलांसाठी सजवलेलं ताट घेऊन दारात आल्या, दोन्ही लेकांच्या कपाळांना कुंकू लावलं आणि एकेक पुरणपोळी तोंडात कोंबली. "लई राबले माझे राजे," म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं तेव्हा जे तोंड केलं होतं ते आठवून मी अजून हसते.

कार्यक्रम सुरू झालेला असणार. भाऊजी तारा जोडेपर्यंत जाऊबाईंना धीर निघेना. मी तुळशीत तांब्यावर तांबे ओतत होते. बाहेर डफडी वाजत होती, त्यामुळे चावडीची भीती नव्हती. मामंजीच म्हणाले, "आज करा मोठा आवाज." रेडिओचा दिवा लागला, खरखर झाली, कोणी पुरुष काही बोलला. जाऊबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नव्या बांगड्या पिचल्या.

आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. कापरा, पण पल्लेदार. पहिली ओवी देवाची, दुसरी भावाची. जाऊबाई पुटपुटत होत्या, "तिचाच हाय. मायचाच हाय." मग ती ओवी आली. ती मी अजून विसरले नाही:

नदीच्या गं पल्याड, लेक नांदती साजरी
वाऱ्या जाऊन सांग तिला, माय तुझी हाये बरी

जाऊबाई ताडकन उठल्या. रेडिओला दोन्ही हातांनी धरून, सासू-सासऱ्यांसमोर, भरल्या घरात त्या ओरडल्या, "माय! मी बी बरी हाव वं! मी बी बरी हाव!"

कार्यक्रम संपला. आत्याबाईंनी हळूच विचारलं, "काय गं, त्याला ऐकू येतं व्हय?" जाऊबाई रडत होत्या आणि हसत होत्या. आत्याबाईंचे पाय धरून म्हणाल्या, "तुमचंच बराबर हाय जी. कोनी बोललं त उत्तर द्यावं."

पुढे थोड्याच दिवसांत नाके उठले, आम्हीही सुटलो. पहिल्याच गाडीत बसून ती वाशीमला गेली आणि महिनाभर आली नाही. त्यानंतर आम्ही दोघी पुष्कळ वर्षं एका चुलीवर राहिलो. भांडलो, सुना आणल्या, एकमेकींची दुखणी काढली. घरात वीज आली, नवे रेडिओ आले, पण तुळशीतली तार तिनं कोणाला उपटू दिली नाही. एका दिवाळीनंतर ती गेली. माझ्या हातून पाणी प्यायली आणि गेली.

तार अजून तिथंच आहे. तिचं दुसरं टोक आता कशालाच जोडलेलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालते तेव्हा मी मोठ्यानं सांगते, "बाई, आमी समदे बरे हावो." सुना एकमेकींकडे बघून हसतात. थोरली सून परवा म्हणाली, "आत्याबाई, त्यांना ऐकू येतं व्हय?"

ऐकू न येईना का.