कुंकवावरची टेप

घोडेगावच्या स्टँडजवळ एक रेडियमचं दुकान आहे. नव्या माउंटन बाईकच्या फ्रेमला ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक टेप लावून घ्यायला मी तिथे गेलो होतो. दुकानदार फ्रेमवर साबणाचं पाणी फवारून टेप बसवत होता आणि मी लग्नघरातल्या मामासारखा उगाच सूचना देत होतो.

तेवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ जुनी सायकल ढकलत आले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सायकलच्या आडव्या दांडीवर कुंकवाचं फिकट स्वस्तिक होतं. तिथे ते स्वतःचाही हात लागू देत नव्हते.

"एवढ्यावरच टेप मारा," ते म्हणाले.

दुकानदाराने पाण्याची बाटली उचलली, तसा त्यांनी मध्ये तळवा धरला. "पाणी नको भाऊ. पुसून जाईल."

"पाण्याबिगर बुडबुडे राहत्यात."

"राहू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दर दसऱ्याला मी सायकल धुवायचो आन आमची मंडळी बोटानं हे काढायची. यंदा धुतलीच न्हाई. आता काढणारी कुठंय?"

मी सूचना देणं थांबवलं. दुकानदाराने कोरडीच टेप लावली. बुडबुडे राहिलेच.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आता हात लावला तर चालंल ना?"

दुकानदाराने मान डोलावली. त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि टेपवरून स्वस्तिकाची एकेक रेघ, ती काढायची तशी, सावकाश गिरवली.