नज्लाच्या पोटातली शेती

लेबनॉनमधल्या त्राब्लुस शहरातल्या आमच्या नाटकघरात राजे बदलले, राण्या बदलल्या. त्यांना कपडे चढवणारी नज्ला तेवढी तीच राहिली. तोंडात टाचण्या धरून बोलायची, म्हणून तिचं बोलणं टोचतं असं आम्ही म्हणायचो. अजूनही डोळे मिटले की दिव्यांच्या आधी मला तिच्या इस्त्रीची वाफ दिसते आणि त्या वाफेतून तरंगत येणारा तिचा गोल चेहरा.

म्हातारपणी तिला न्यूमोनिया झाला. जालीम औषधांनी छाती सुधारली, पण जुलाब लागले ते थांबेनात. मी इस्पितळात गेलो तेव्हा ती उसवून टाकलेल्या झग्यासारखी पलंगावर पडली होती. पोटातले चांगले जंतू औषधाने मेले होते आणि एका वाईट जंतूने सगळं आतडं बळकावलं होतं. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आत सोडले तर ती वाचेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. तपासण्यांना उतरली एकटी तिची नणंद, उम्म रागिब.

"मरेन, पण हिचं घेणार नाही," नज्ला माझ्याकडे बघत पुटपुटली. "उस्ताद, लग्नापासून हिचं ऐकून घेतेय. आता हेही घ्यायचं?"

खिडकीपाशी सारण भरायला दुधी कोरत बसलेली उम्म रागिब मान वर न करता म्हणाली, "नको घेऊस. तसंही रोज फुकटच जातंय."

तेवढ्यात डॉक्टर आले. "मग, उद्या झिराआ करायची ना?"

रोपणाला आणि शेतीला आमच्याकडे हा एकच शब्द. तापाच्या गुंगीत नज्लाने शेतीच ऐकली.

"काय पेरणार?" तिने विचारलं.

डॉक्टर गोंधळले. ती मात्र छताकडे बघत, दूर कुठेतरी चालत असल्यासारखी बोलू लागली. अक्कारमधलं तिच्या बापाचं रान. तण मारायला त्याने इतकं औषध ओतलं की गांडूळसुद्धा उरलं नाही. पुढे नुसते काटे माजले. मग शेजारच्या जैतुनाच्या बागेतली माती टोपल्यांनी आणून पसरली, तेव्हा कुठे जमीन पुन्हा मऊ झाली. पहाटे त्या मातीला वास यायचा म्हणे, ओला, गोडसर.

"शेजाऱ्याशी बरं होतं वाटतं," मी म्हणालो.

"कसलं बरं. बांधावरून रोजची भांडणं."

तिने आपल्या पोटावरून हात फिरवला. मग नणंदेकडे वळली. "आज लसूण कमी खा."

"आता जेवायलाही हिच्याकडून शिकायचं," उम्म रागिब म्हणाली आणि दुधी बाजूला ठेवून डॉक्टरांच्या मागोमाग गेली.

नंतर एका सकाळी मी गेलो. पांढऱ्या पडद्यांतून ऊन येत होतं, सारी खोली जणू पाण्याखाली होती. नज्लाचे डोळे मिटलेले, हात पोटावर.

"किती शांत आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "भूक लागलीय."

उम्म रागिबने भाकरीला लबने, म्हणजे आमचा दह्याचा चक्का, फासलं, वर तेल सोडलं आणि गुंडाळी करून तिच्या हातात दिली. "माझे जंतू मिळाले म्हणून माझ्याएवढं खायला जाऊ नकोस."

नज्ला एकेक घास खूप वेळ चघळत राहिली. गुंडाळी संपल्यावर डोळे न उघडताच तिने हात पुढे केला. दुसरी गुंडाळी नणंदेने आधीच करून ठेवली होती.