आईच्या तोंडावरचा टॉवेल

संध्याकाळी वारा फिरला की मानपाड्याच्या कारखान्यांकडून डोकं धरणारा उग्र वास येतो आणि मला ती दुपार आठवते. तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाल्याचं कळलं आणि मी कळव्याच्या ऑफिसातून बाबांना फोनावर फोन करत निघालेले. ते उचलत नव्हते. कारखान्याजवळच्या आमच्या घरात ते आणि अंथरुणाला खिळलेली आई, दोघंच होती. रिक्षावाल्याने नाक्यावरच सोडलं, तिथून मी धावत गेले. रस्त्यावर काचांचा खच पडलेला, डोळ्यांत धूर झोंबत होता, आणि बिल्डिंगमधली सगळी माणसं खाली येऊन उभी होती. शेजारच्या काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अगं, उतरताना दारातून किती विनवलं, ते तिला सोडून येतच नाहीत." वर दार उघडंच होतं. ऐंशी ओलांडलेले बाबा आईवर ओणवे झाले होते. तिच्या तोंडावर त्यांनी ओला टॉवेल धरलेला, आणि स्वतः खोकत होते. त्यांच्या पाठीवर खिडकीच्या काचेचा चुरा होता, शर्टाला रक्त लागलेलं. "बाबा, उचलायला हाक तरी मारायची ना कुणाला," मी म्हटलं. "हिला उचलवेना गं मला," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मग खालच्या चौघांनी येऊन आईला चादरीत घालून उतरवलं. त्यानंतर आई थोडीच वर्षं राहिली, बाबा नव्वदी गाठून गेल्या महिन्यात गेले. भेटायला येणारे म्हणतात, भरलं आयुष्य जगले, सोनं झालं. मी मान हलवते. पाहुणे गेले की दार लावून घेते आणि तिथेच खाली बसते, कारण मला बाबा पुरले नाहीत.