नर्सबाईंचा खुलासा

"ताप हाये याले, भाऊ. पाह्य बरं हात लावून."

सकाळी आरोग्य उपकेंद्रात पाऊल टाकलं की हे ऐकू यायचं. ताप लेकराला नसायचा, सरकारी टॅबला असायचा. आमच्या नर्सबाई उलटा हात त्याच्या पाठीवर टेकवायच्या, तान्ह्या बाळाच्या कपाळावर टेकवावा तसा. अठ्ठावीस वर्षं लेकरं तपासलेल्या हाताला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

मी त्याच उपकेंद्रात आरोग्य सेवक. अर्जुनी मोरगावकडचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. बाईंसारखं माणूस तुमच्याही कचेरीत असेलच, कामात वाघ आणि स्क्रीन पुढ्यात आली की घाम फुटणारं.

एकदा मे महिन्यात टॅब फारच तापला. बाईंनी त्याच्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली. मी पोहोचेपर्यंत पडदा काळा.

"कोमात गेला का हा?"

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला हसताही येईना. टॅब दोन दिवस त्यांच्या घरी तांदळाच्या डब्यात मुक्कामाला होता. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा बाईंनी मला चहा पाजला आणि गरम भजी खाऊ घातली.

खरी दहशत होती ती हजेरीची. दहाच्या आत, उपकेंद्राच्या आवारात उभं राहून मोबाइलला तोंड दाखवायचं. नेटवर्क यायचं फक्त मागच्या पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. बाई तिथे चढून पदर सावरत म्हणायच्या, "पाहून राहिला माह्याकडे, पण ओळखत नाही. काऊन रे बाबा, मी का आजच आली?"

एकदा मी बळंच त्यांचं बीपी मोजलं. वरचं एकशे साठ. गावभर 'मीठ कमी खा' सांगत फिरणारी ही बाई!

"हे त्या मोबाइलचं हाये, माहं नाही," म्हणत त्यांनी पट्टा सोडला.

मग एका सकाळी टोल्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीवरून, निरोप आला, एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत. गाडी येईपर्यंत वेळ नव्हता. आमच्या बाई थेट तिकडे गेल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण तोवर दहा वाजून गेले होते आणि टोला उपकेंद्रापासून चार किलोमीटर. मोबाइलने बाईंच्या नावापुढे लाल खूण केली, गैरहजर. आठवड्याने तालुक्याहून नोटीस आली, खुलासा सादर करा.

बाई खुर्चीत बसून रडल्या. "इतक्या वर्षांत एक शेरा नाही लागला, भाऊ. निवृत्तीले सा महिने राहिले, आन आता मी कामचोर?"

मला त्या मोबाइलचा असा राग आला की बोडीच्या पाण्यात फेकून द्यावा. मी खुलासा लिहून दिला, 'तांत्रिक अडचणीमुळे' वगैरे. बाईंनी वाचला आणि घडी करून परत दिला.

"अडचण कायची? मी कामावर होती."

मग त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "सदर दिवशी मी हजर होते. पुरावा: मुलगी, वजन दोन किलो आठशे ग्रॅम. खात्री करावयाची असल्यास तिच्या आईला विचारावे."

तालुक्याच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. सगळ्या नर्सबाई टाळ्या वाजवू लागल्या, कारण त्यातल्या कित्येकींच्या नावापुढे अशाच लाल खुणा होत्या. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'खुलासा मान्य. मुलीचे वजन पुढील महिन्यात कळवावे.' बाईंनी ते खरोखर कळवलं, वर 'दात अजून नाहीत' असंही जोडलं.

बाई निवृत्त होऊन तीन महिने झाले. नव्या सिस्टर अजून आलेल्या नाहीत, आणि यादीतून बाईंचं नाव काढायला वरच्या कार्यालयाला सवड नाही. रोज दहा वाजता माझ्या मोबाइलवर हजेरीच्या दोन ओळी येतात. मी हजर, बाई गैरहजर. सुरुवातीला मी हसायचो. आता ती ओळ वाचली की शेजारच्या खुर्चीकडे नजर जाते. बाईंबद्दल हा मोबाइल पहिल्यांदाच खरं बोलतो आहे, आणि ते मला मुळीच आवडत नाही.