पिकवानचं मरण रद्द

आमची पिकवान टीव्हीवर मेली की शाम शुई पोच्या बाजारात माझी विक्री वाढते. मी माशाचे गोळे विकते. लोक गोळे खाता खाता विचारतात, "काय हो, काल तुमच्या बहिणीला विष घातलं म्हणे?" मी म्हणते, "घातलं. उद्या दुसऱ्या मालिकेत ट्रकखाली जाणार आहे. तिखट घालू का?"

मरायला नव्हती हो आली ती या धंद्यात, गायला आली होती. सतराव्या वर्षी गाण्यांची स्पर्धा जिंकली, आपल्या कँटोनीज गाण्यांची एक कॅसेट निघाली, आणि दोन उन्हाळे बसावं त्या टॅक्सीत तिचाच आवाज. मग कंपनीला नवी पोरगी सापडली आणि हिला विचारेना कोणी. ही बया गेली आणि टीव्ही स्टेशनच्या दारात उभी राहिली. दिसायला चांगली, पण नायिकेइतकी नाही. म्हणून वाट्याला आल्या सवती, मोलकरणी, नायकाच्या आजारी बहिणी. सगळ्या चार भागांत खलास! मी चिडवायचे, "अगं, एकदा तरी लग्नाचं जेवण होईपर्यंत टिक!" ती हसायची. घरी भांडी घासताना मात्र गायची, आणि नीट ऐकू यावं म्हणून मी काहीतरी निमित्त काढून नळ बंद करायचे.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, तिनहाउ देवीची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, "बोलाल व्यवस्थित. गाण्याचं मात्र सांगता येत नाही." त्यानंतर आमच्या घरात भांडी गुपचूप घासली जाऊ लागली. मला ते सहन व्हायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच भूमिका आली ती एका जुन्या गायिकेची. क्लबात शेवटचं गाणं म्हणते आणि तिथेच कोसळून मरते. दिग्दर्शक औ साहेब, वयाने आमच्या भाच्याएवढा. म्हणाला, "पिकवानताई, तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज दुसऱ्या मुलीचा घालू."

"एकदा मला गाऊन बघू द्या," ही म्हणाली. "वाईट झालं तर खुशाल घाला."

मी तिच्यासाठी सेटवर सूप घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते. तिला बाजूला ओढलं. "कशाला नसती हौस? चारचौघांत फजिती करून घ्यायचीय का?"

"ताई, आज नाही गायले तर यापुढे मला विचारणारसुद्धा कोणी नाही."

मी तिचा हात सोडला.

पडद्यावर मरणाऱ्याला आमच्याकडे पैसे घातलेलं लाल पाकीट देतात, अपशकुन फिटावा म्हणून. सेटवरच्या फाँगबाईने ते आधीच हिच्या हातात कोंबलं. पिकवानने ते पर्समध्ये टाकलं, पर्स माझ्याकडे दिली आणि दिव्यांखाली जाऊन उभी राहिली.

पूर्वीचा आवाज नव्हताच तो. खरखरीत, खालच्या पट्टीतला. वरच्या सुराला गेली आणि तो फुटला. पण ती थांबली नाही. तो सूर तिथेच सोडला, ओळ खालून उचलली आणि शेवटपर्यंत नेली. मग ठरल्याप्रमाणे कोसळली. औ साहेब कोपऱ्यात लेखकाशी कुजबुजत बसला.

पिकवान कपडे बदलायला निघाली, तोच फाँगबाई धापा टाकत आली. "पाकीट द्या! आधी ते पाकीट परत द्या!"

पिकवानचा चेहरा पांढराफटक पडला. "काढलं ना मला?"

"अहो, काढतंय कोण? साहेबांनी तुमचं मरण रद्द केलं! म्हणाले, असा आवाज एका भागात संपवायचा नाही, पुढेही गाणी घाला हिला. आणि न मरता हे पाकीट ठेवायचं नसतं हो, काढा लवकर!"

पर्स माझ्याकडेच होती, मीच ती उपडी केली आणि पाकीट फाँगबाईच्या हातावर आपटलं.

मिनीबसच्या रांगेत तिने हळूच विचारलं, "ताई, खरं सांग. पहिल्यासारखं नाही ना राहिलं?"

"नाही राहिलं." खोटं कशाला बोलू? "पण मला रडू आलं गं बये. म्हण बघू पुन्हा."

"इथे? लोक बघतील!"

"बघू देत. इतकी वर्षं तुला मरताना बघितलंय, आता गाताना बघतील."

तिने सूपचा डबा माझ्या हातात दिला, घसा खाकरला आणि सुरू झाली.