चरख्याचा झेंडा

पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी फलकाचा नमुना ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'छापायला देतोय. सर्वांनी नीट तपासा.' हूफडॉर्प या डच गावातल्या बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी तो मोठा करून पाहिला. केशरी, पांढरा, हिरवा आणि मधोमध चरखा. गृहस्थांनी इंटरनेटवरून स्वातंत्र्याआधीचा झेंडा उचलला होता! देश स्वतंत्र होताना चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही बौद्ध, ते चक्र आमच्यासाठी नुसती नक्षी नाही.

मी नमुन्याखाली अंगठा टाकला. मराठीत अंगठा दाखवणं कशाला म्हणतात, हे अध्यक्षांना कळायला हवं होतं.

गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची मुलगी याच मंडळात झेंड्यावर बोलायला उभी राहिली होती. एरवी डचमध्ये उत्तरं देणारी पोर. महिनाभर घोकून तिने मराठी भाषण बसवलं होतं. हे चक्र सारनाथचं, धम्माचं, इथवर ती आली आणि अध्यक्षांनी हसत हसत माइक काढून घेतला.

"बाळा, इथे धर्म-बिर्म नको हं. आपण फक्त झेंड्याबद्दल बोलू या."

वर टाळ्याही वाजल्या. मी पहिल्या रांगेत बसून होते. त्या दिवसापासून तिने मराठी बोलणंच सोडलं आणि मी डूख धरला.

यंदा फलक उलगडला, तेव्हा कुणाचे तरी वडील, मुलाकडे आलेले निवृत्त शिक्षक, ताडकन उठले. "अहो, हा चरख्याचा झेंडा आहे. आपला आत्ताचा नव्हे!"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. "शेवटी चाकच ना ते," असं काहीतरी अध्यक्ष पुटपुटले. कुणी ऐकून घेतलं नाही. भर स्टेजवर त्यांना तो फलक गुंडाळावा लागला, कानापर्यंत लाल होऊन. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, भरपूर झाला.

परतताना बसमध्ये मी लेकीला मोबाइलवरचा नमुना दाखवला, त्याखालचा माझा अंगठाही. वाटलं, खूश होईल.

"आई, तुला माहीत होतं? मी तर बोलले होते. तू का नाही बोललीस?"

वर्षभराने ती मराठीत बोलली, ती हे विचारायला.