लेबलकाकांनी घातलेले बूट

कारखान्यात त्यांना सगळे लेबलकाका म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी तिथलं स्टोअर सांभाळलं होतं आणि त्या स्टोअरमध्ये लेबल नसलेली एकच वस्तू होती, ते स्वतः. घरीही तीच गत. साखरेच्या बरणीवर त्यांनी 'साखर' अशी चिठ्ठी चिकटवली तेव्हा बायको म्हणाली, "एक माझ्याही कपाळावर लावा, म्हणजे विसरायला नको." हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसून घेत. लोक हसणारच आहेत तर पहिला नंबर आपला असावा, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांनी पहिल्यांदाच सलग आठवडाभर रजा टाकली. मुलीला साडेतीन वर्षांच्या खंडानंतर एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. जावई बाहेरगावी, आजीचे गुडघे कुरकुरणारे. तेव्हा नात बालवाडीत एकटी राहायला हवी. तिथला नियम असा, की मूल रुळेपर्यंत घरचं एक माणूस वर्गात बसणार. पण शुक्रवारपर्यंत मूल रुळलं नाही, तर प्रवेश थेट दोन महिन्यांनी. नोकरी काही दोन महिने थांबणार नव्हती.

"शुक्रवारच्या आत काम फत्ते," काकांनी मुलीला सांगून टाकलं. गेटबाहेर माल काढायचा असावा तशा सुरात.

बालवाडी म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मुलांच्या छातीइतक्या उंचीच्या फळ्या, त्यांवर एकेका तबकात एकेक काम: बटणं लावायची चौकट, पाणी ओतायचा काचेचा लहानसा जग, झाडू आणि सुपली, पुसायला स्पंज. मुलानं मनाला येईल ते तबक उचलायचं, आपली चटई अंथरायची, हवा तितका वेळ बसायचं आणि झालं की तबक होतं तिथं ठेवायचं. प्रत्येक तबकाच्या जागी त्याचं चित्र चिकटवलेलं होतं. ते पाहून काकांना अगदी भरून आलं. अखेर आपली किंमत कळेल अशा ठिकाणी आपण आलो.

शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना दाराजवळची खुर्ची दिली. खुर्ची वीतभर उंच. बसल्यावर काकांचे गुडघे हनुवटीला टेकायला आले.

"आजोबा, इथं नुसतं बसायचं. मुलानं मागितल्याशिवाय मदत नाही. आणि मागितली तरी आधी विचारायचं, तुला कुठपर्यंत जमलं?"

"एवढंच ना?" काका म्हणाले.

बुटांचं बाक नेमकं त्यांच्या खुर्चीशेजारी होतं. पहिल्याच दिवशी बागेत जायच्या वेळी एक पिटुकला बुटाच्या पट्ट्याशी झुंजताना त्यांनी पाहिला. ताईंची पाठ होती. काकांनी वाकून पट्टा लावला. चार सेकंदांचं काम. मग शेजारच्या मुलीचा. मंगळवारी सहा मुलं रांगेनं पाय पुढे करून उभी होती. "आजोबा, माझे पण."

"मुलांना माझा लळा लागलाय," रात्री जेवताना ते म्हणाले.

"घालून द्यायला माणूस मिळाला तर मलाही लागेल," बायको म्हणाली.

बुधवारी ताई त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या. "आजोबा, ही सहा मुलं सहा महिने आपले बूट आपण घालत होती. तुम्ही दोन दिवसांत त्यावर पाणी फिरवलंत."

"मी म्हटलं, तेवढाच त्यांचा वेळ वाचेल."

"वाचवून करायचंय काय त्यांना? तुमच्या नातीचंच बघा. तीन दिवसांत ती फळीपर्यंतसुद्धा गेली नाही. बटण, नाक, पाणी, सगळं या खुर्चीपाशी होतंय. ती कशाला उठेल?"

कामात कसूर केली असं काकांना बत्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. इथं तर काम केलं हीच कसूर ठरली होती. ताईंनी एक कोरा कागद दिला. मदत करावीशी वाटली की कागदावर रेघ मारायची, उठायचं नाही.

काकांनी अर्थातच आधी कागद आखला. कुणाला, कशात, मागितली का, आणि पुढे काय झालं, असे चार रकाने. गुरुवारी पहिल्या तासाभरात सदतीस रेघा झाल्या. मागितली का? सदतीस वेळा 'नाही'. पुढे काय झालं? पस्तीस जणांचं आपसूक जमलं, दोघांनी ते सोडून दुसरं काहीतरी घेतलं. काकांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती बरोबर होती, हेच दुःख.

मग नात बूट घेऊन आली आणि तिनं पाय पुढे केला. काका आपल्या दोन्ही हातांवर बसले.

"तुला कुठपर्यंत जमलं?"

तिनं त्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "तू घाल."

"मी बसलोय."

ती फतकल मारून बसली. जीभ बाहेर, पट्टा हातात. अकरा मिनिटं. बाकीची मुलं बागेतून परत यायला लागली. शेवटी बूट चढले, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. काका न राहवून अर्धे उठले.

"आजोबा, बस ना तू," ती वैतागून म्हणाली आणि बागेकडे पळाली.

शुक्रवारी खरी परीक्षा. काकांनी मागच्या दारानं सटकायचं ठरवलं होतं. स्वतःच्या मुलीला शाळेत सोडतानाही ते असेच सटकत, आणि ती पुढे वर्षभर त्यांच्या पॅंटला धरून असे.

"चोरून नाही," ताई म्हणाल्या. "सांगून जायचं."

नात काचेच्या जगमधून पाणी ओतत होती. मनात जुळवलेलं भाषण काका ऐन वेळी विसरले. "मी जातो. जेवण झालं की न्यायला येतो."

"हं."

"जाऊ ना?"

"सांगितलंस की एकदा."

ते बाहेर आले, जरासे नाराजच. फाटकाशी पोचतात तोच आतून रडणं ऐकू आलं. तो आवाज त्यांना शंभर मुलांत ओळखू आला असता. हात कडीवर गेला. आत गेलो तर ती गप्प होईल, आणि मुलीची नोकरी गेली. हे दोन्ही त्यांना लख्ख दिसत होतं, तरी हात कडीवरून निघेना. रडणं चढलं, मग हुंदके, मग नळाचा आवाज. मग काहीच नाही. काका पुढचे अडीच तास समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, काय हवंय. दोन्ही वेळा त्यांनी साबण घेतला.

"रडली दहा मिनिटं," ताई दुपारी म्हणाल्या. "मी जवळ बसले होते. मग आपणच उठली, तोंड धुतलं आणि सांडलेलं पाणी पुसत बसली. सोमवारपासून राहू द्या एकटी."

काकांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"झालं बघ. सोमवारी खुशाल रुजू हो. मी पत्ता पाहून ठेवलाय, बसच्या तीन वेळा लिहून काढल्यात. पहिला दिवस आहे, मी तुला दारापर्यंत…"

"बाबा."

"काय?"

"मी माझी जाईन."

काकांनी खिशातला आखलेला कागद काढून त्यावर एक रेघ मारली. मुलीनं विचारलं, "ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय," ते म्हणाले. "जा तू."